शब्दांची तीट

श्रावणातल्या शुक्रवारी आजी आम्हा नातवंडांना जिवतीच्या कागदासमोर ओळीने पाटावर बसवायची. कागदावर एकीकडे नरसिंह, एकीकडे कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मधे अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. वर आघाडा-दुर्वांची माळ. आजी पुरणाच्या दिव्यांनी एकेकाला ओवाळायची. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. जी लेकरं मुंबईला होती त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायची. तोवर धाकट्या मामेभावाचा हात ताम्हनातल्या दिव्याकडे गेलेला असायचा. आणि ज्या तोंडाने आत्ताच त्याच्यासाठी शंभर वर्षं मागून घेतली, त्याच तोंडाने आजी ओरडायची, "थांब मेल्या!"

मेल्या. म्हणजे मेलेला. जिवतीच्या पुढ्यात, हातात ओवाळणीचं ताम्हन असताना.

कणकवलीपासून आत असलेल्या त्या घरात आमची खरी नावं फारशी वापरातच नव्हती. मामेभाऊ मेल्या होता, त्याच्याहून मोठा मुडद्या होता, मी भवानी होते. "गो भवाने, खंय चललंस?" ही माझ्या लहानपणीची सगळ्यांत ओळखीची हाक. आजी फारच खुशीत असली की "शिरा पडो तुझ्या तोंडार" म्हणायची आणि त्याच तोंडात खोबऱ्याची वडी घालायची. आम्हाला यातलं काहीही कधी लागलं नाही. उलट एखाद्या दिवशी माझं नाव पूर्ण, नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत उच्चारलं गेलं की पोटात गोळा यायचा. आज काहीतरी बिघडलंय, आपल्या हातून काहीतरी फुटलंय किंवा सांडलंय, हे त्या स्पष्ट उच्चारातूनच कळायचं.

या शब्दांचा विचार मी पहिल्यांदा केला तो माझी मुलगी झाली तेव्हा. ती सव्वा महिन्याची असताना आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. तेल लावून, शेक देऊन, पावडर लावून झाली होती. पोर खरोखर देखणी दिसत होती. मी तसं म्हणाले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उघड्यावर दूध ठेवून मांजराला हाक मारली. तिने काजळाचं बोट घेतलं, नातीच्या गालावर चांगला ठसठशीत ठिपका काढला आणि तिला म्हणाली, "काय गं काळुबाई, ठेंगणं ध्यान माझं." मग दोन्ही हात तिच्यावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

तेव्हा मला दिसलं की काजळाचा ठिपका आणि ते "ठेंगणं ध्यान" ही एकाच हाताची दोन कामं आहेत. सुंदर चेहऱ्यावर मुद्दाम डाग लावायचा, म्हणजे पाहणाऱ्याची नजर तिथे अडते, पोराला लागत नाही. शिवीही तशीच. ती शब्दांची तीट आहे.

आजीला सात मुलं झाली, चार जगली. हे आईने मला त्याच दिवसांत सांगितलं, अगदी सहज, बाळंतशेपा निवडता निवडता. दोन मुलगे लागोपाठ गेल्यावर जो झाला त्याला जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यापाशी नेलं. शेजारच्या बाईने तो उचलला आणि मग आजीने पसाभर तांदूळ देऊन तिच्याकडून विकत घेतला. नाव ठेवलं धोंडू. शाळेच्या दाखल्यावर त्याचं दुसरं, चांगलं नाव आहे. पण मामा सत्तरीला आला तरी गावात त्या नावाने त्याला कुणी ओळखत नाही.

महाराष्ट्रभर ही नावं आहेत. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकाजी, उकिरडा. आता शाळेच्या हजेरीपटात ती दिसली की मुलं हसतात, म्हणून आईबाप ती ठेवत नाहीत. पण त्यांतल्या कितीतरी नावांमागे एक किंवा दोन रिकामे पाळणे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुलं पहिल्या वर्षातच जात. पाचांतलं एक. पाच पाटांवर बसलेल्या पाच पोरांकडे पाहून हा हिशेब आई होऊ घातलेल्या प्रत्येक बाईच्या अंगात भिनलेला असणार. २०२० च्या सरकारी नोंदणीप्रमाणे महाराष्ट्रात हाच आकडा हजारी सोळाच्या घरात आला होता. आजीला हे आकडे ठाऊक नव्हते. तिला एवढंच ठाऊक होतं की चांगल्या वस्तूवर कुणाचातरी डोळा असतो. जो आला तो दगड आहे, केर आहे, आधीच मेलेला आहे, असं मोठ्याने जाहीर केलं तर नेणारा कदाचित दारावरून परत जाईल.

मराठी बाईची सगळी भाषाच अशी सावध आहे. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. बांगडी फुटत नाही, ती वाढवते. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, वाढतात. रात्री साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. आणि सगळ्यांत मोठी उलट तर त्या रोगाच्या नावात आहे. अंगभर फोड उठवून घरंच्या घरं रिकामी करणाऱ्या रोगाला आपण "देवी" म्हटलं. देवी आल्या, देवी उतरल्या. आजीच्या गालांवर देवीचे व्रण होते, बोटांनी मोजता येतील असे. तिच्या पाठची बहीण त्यातच गेली. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, पुढे १९८० मध्ये सगळं जगच त्यातून सुटलं. तरी आजी अखेरपर्यंत त्या रोगाचा उल्लेख करताना "त्या इल्ल्या" असं आदरार्थीच बोलायची. मारणारीला देवी म्हणायचं आणि जगावं म्हणून ज्याच्यासाठी जीव पाखडायचा त्याला मेल्या म्हणायचं. मला वाटतं, या दोन शब्दांना एकत्र ठेवल्याशिवाय दोन्हींतला एकही कळत नाही.

मग प्रेमाचं सरळ बोलणं या बायकांना येतच नव्हतं का? येत होतं. त्याची वेळ वेगळी होती. पहाटे, अंधारात, जात्यावर. पोरं अजून झोपलेली, पुरुष माणसं ओसरीवर, आणि जात्याची घरघर एवढी की शब्द फार लांब जात नाहीत. तिथे मुलगा राघू असतो, मुलगी मैना असते, भाऊ बंधुराया असतो. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांबरोबर बसून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या मी वाचल्या त्या थोड्याच, पण कितीही वाचल्या तरी राघू आणि मैना पुन्हा पुन्हा भेटतात. नावाने पोराला हाक नाही, पण त्याच्या टोपीचं, त्याच्या चालण्याचं, त्याच्या शाळेच्या वाटेचं कौतुक मात्र पीठ भुरभुरावं तसं भुरभुरत राहतं. दिवस उजाडला, जातं थांबलं, की तोच राघू "ऊठ मुडद्या" होऊन अंथरुणातून उठतो. त्याला कधी कळतच नाही की तासाभरापूर्वी आपल्याबद्दल काय काय गायलं गेलं.

आजीच्या घरातलं जातं माझ्या वेळेला मागच्या पडवीत भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. तिच्या ओव्या मी ऐकल्या नाहीत, फक्त शिव्या ऐकल्या. याची हळहळ मला अजून वाटते.

माझी ही तिटेची कल्पना मी बरीच वर्षं मनात घेऊन फिरत होते, ती एका अभंगाने अडवली. संत जनाबाईंच्या नावावरचा तो अभंग बहुतेकांना माहीत असतो: "अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या." पुढे ती त्याला "तुझें गेलें मढें" म्हणते आणि शेवटी सांगते की अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देते आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वी नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी एक बाई अंगणात उभी राहून पंढरीच्या देवाला सरळ मेल्या म्हणते! आता देवाला कुणाची दृष्ट लागणार? त्याच्या मरणाची भीती कुणाला असणार? माझी तीट तिथे चालेना.

मग मला त्या "विठ्या"कडे नीट पाहावंसं वाटलं. मराठीत हा शेवटचा "या" फार मोठं काम करतो. राम मोठा आहे, राम्या आपला आहे. गणेशाची आरती होते, गण्याला कोपऱ्यावरून दही आणायला पाठवता येतं. तो "या" लावण्याचा अधिकार कुणालाही नसतो. तो मिळवावा लागतो, आणि बऱ्याचदा रोज एकत्र राबून मिळतो. जनीने देवाबरोबर दळलं, शेण्या वेचल्या, असं तिच्याच अभंगांत आहे. इतकं सोबत राबल्यावर ती त्याला विठ्ठल कशी म्हणणार? उलट पोराला चिडवताना आपण देवाचा "ओबा" त्याला लावतो. विठोबा, खंडोबा, तसा वेडोबा, लाडोबा, रडोबा. देवाला खाली ओढून अंगणात आणायचं आणि पोराला वर उचलून देव्हाऱ्यात बसवायचं, मधलं अंतर काही राहू द्यायचं नाही. तर शिवीमागे भीती असते, पण भीतीइतकाच हक्कही असतो. आजीच्या मेल्यामध्ये दोन्ही होतं. जनीच्या विठ्यामध्ये बहुधा नुसता हक्क.

हा हक्क दर ठिकाणी वेगळा बोलतो, हे मला तीन घरांनी शिकवलं. आजोळ कोकणात, माहेर कागल तालुक्यातलं, सासर अकोल्याकडचं.

कागलकडच्या आमच्या घरात मला चुलते "पैलवान" म्हणायचे. मी पाचवीपर्यंत काडीसारखी होते. सकाळी चुलीपाशी गेले की, "काय पैलवान, उठला काय?" तिकडे बायका-पोरीसुद्धा "मी जातो, मी येतो" असंच बोलतात, त्यामुळे हा पुल्लिंगी पैलवान मला कधी खटकला नाही, उलट दूध पिताना मी दंड फुगवून दाखवायचे. पण त्या घरातला माझा सगळ्यांत आवडता शब्द म्हणजे बेणं. "लई बेणं हाय हे." "इरसाल बेणं." परक्याला ही निव्वळ शिवी वाटेल: खोडकर, बेरकी, हाताला न लागणारं पोर. पण आमचं घर उसाचं. बेणं म्हणजे लागणीसाठी ठेवलेला ऊस, आणि तो कुठलाही चालत नाही. नऊ-दहा महिन्यांचा, रोग नसलेला, जाड पेऱ्याचा, ज्याचे डोळे फुगीर आहेत असा ऊस बघून निवडतात. बाकीचा कारखान्याला जातो, गाळला जातो. बेणं मात्र मातीत जातं आणि तिथून पुढचं सगळं शिवार उभं राहतं. माझे चुलते बांधावर बसून कोयत्याने दोन-दोन डोळ्यांची टिपरी तोडताना, पाटाच्या पाण्यात चिखल करणाऱ्या माझ्या भावाकडे बघून "बेणं" म्हणायचे, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही बेणी असणार. एवढा भरगच्च लाडाचा शब्द मला दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी सापडलेला नाही.

"लेका"चा तिकडे "लका" होतो. "आरं लका, ऐक की." पन्नाशीतला माणूस पन्नाशीतल्या माणसाला लेका म्हणतो, म्हणजे पोरा म्हणतो, आणि दोघेही क्षणभर पोरं होतात. "मर्दा" आहे, "गड्या" आहे, आणि आता सगळ्या महाराष्ट्राने उचललेला "भावा" आहे. मोबाइलच्या दुकानात, बसच्या रांगेत, अनोळखी मुलगा अनोळखी मुलाला "भावा, जरा सरक" म्हणतो. मला ते कानाला बरं वाटतं.

सासरी मात्र मी पहिल्याच आठवड्यात दुखावले. सासूबाई मला "बाई" म्हणू लागल्या. "बाई, जेवून घे वं." माझ्या कानाला बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशींचा मागे उल्लेख करताना वापरायचा शब्द. नवी सून म्हणून या आपल्याला लांब ठेवताहेत, नाव घ्यायलाही तयार नाहीत, असं मी मनाशी धरून बसले. चार दिवसांनी नणंद माहेरी आली. दारातूनच नवरा ओरडला, "बाई आली!" आणि पळत जाऊन त्याने तिची पिशवी घेतली. वऱ्हाडात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. सासूबाईंनी मला घरात पाऊल ठेवल्या दिवशीच लेकीच्या जागी बसवलं होतं, आणि मी चार दिवस तोंड पाडून वावरत होते.

त्या घराने मला "वं" दिलं. देशावरचं "गं", कोकणातलं "गो" आणि वऱ्हाडातलं "वं" या तिघींची मला फार माया वाटते. कोशात यांना धड अर्थ नाही, वाक्यातून काढून टाकले तर वाक्याचं काही बिघडत नाही, पण "जेव" आणि "जेव वं" यांत एका पोळीचा फरक पडतो. तिकडची पोरं म्हणजे पोट्टे, आणि पोट्टे एकमेकांना "काय बे" म्हणतात. पुण्यात "बे" म्हटलं तर भांडण होईल. अकोल्यात "बे" न म्हणता पूर्ण नाव घेतलं तर समोरचा विचारेल, काय झालं, राग आला का?

नवरा-बायकोच्या बोलण्यात आमच्या आधीच्या पिढ्यांकडे शब्दच फार कमी होते. आजी आजोबांचं नाव घेत नसे, "घरातले" म्हणायची. त्याआधीच्या बायका "इकडून", "तिकडची स्वारी" म्हणत. कागलच्या चुलत्या अजून "मालक" म्हणतात. माझ्या आईकडे एक "अहो" होतं, आणि त्या दोन अक्षरांत तिने पंचेचाळीस वर्षं काढली. भाजी आणायचं अहो वेगळं, पाहुण्यांसमोर गप्प करायचं वेगळं, गॅलरीतून खाली रस्त्यावर पोचणारं वेगळं. संध्याकाळी बाबांना यायला उशीर झाला की दार उघडताना एक अहो यायचं, त्यात रागही असायचा आणि मोकळा झालेला श्वासही. आदरार्थी बहुवचन एवढं जवळचं होऊ शकतं हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. मी नवऱ्याला नावाने आणि "अरे"ने हाक मारते, आणि तसंच मारणार. पण आईच्या अहोइतक्या छटा माझ्या "अरे"मध्ये अजून आलेल्या नाहीत.

या सगळ्या शब्दांची मी भाट नाही. काही शब्द माझ्यापाशीच थांबावेत असं मी ठरवलंय. आजोळी आजूबाजूचे पुरुष आपल्या मुलांना लाडाने "रांडेच्या" म्हणायचे. आजही त्या भागात, आणि घाटावरही, हा शब्द दोस्तीत सर्रास येतो; लोक म्हणतात त्यात काही वाईट नाही, ती आमची बोलायची रीत आहे. आजीची एक नणंद होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा. मग ऐंशी वर्षांची होईपर्यंत ती भावाच्या घरी राहिली. पडवीत कुणी हसत हसत पोराला तो शब्द वापरला की ती हातातलं सूप खाली ठेवायची आणि मागच्या दाराने माडांकडे निघून जायची. बोलायची काही नाही. रांड म्हणजे विधवा. बाप स्वतःच्या मुलाला रांडेचा म्हणतो तेव्हा तो स्वतःलाच मेलेला ठरवत असतो. कदाचित तीही एक तीटच असेल, त्याने स्वतःच्या आयुष्यावर लावलेली. पण त्याचं काजळ दरवेळी त्या म्हातारीच्या अंगावरून उगाळलं जायचं. तिला मी "आत्याआजी" म्हणायचे. ती माडांकडून परत यायची तेव्हा तिच्या पदरात दोन-चार वाळलेल्या पात्या असायच्या, जणू त्याच आणायला गेली होती.

तसंच शरीरावरून पडलेल्या नावांचं. एका मावसबहिणीला सगळं घर "काळुंद्रे" म्हणायचं, अगदी लाडाने. ती आता पन्नाशीला आलीय आणि अजूनही फोटो काढताना मागच्या रांगेत जाते. तीट पुसून टाकता आली पाहिजे. जी पुसत नाही ती तीट कसली, तो तर डाग.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्या फोनवर दिवसभर पिल्लू, बच्चा, शोना, बाबू यांची ये-जा असते. तिची एक मैत्रीण आहे, तिला ती "बायको" म्हणते. "ए बायको, डबा आणलायस का?" आणि वर्गातल्या मुलींना "भावा". सुरुवातीला माझे कान बिचकायचे, आता सवय झालीय. शोना हा शब्द बंगालकडून आलेला, अर्थ सोनं. आमच्या सोन्याचाच तो परगावचा मावसभाऊ. आणि पिल्लू तर अस्सल घरचं आहे. माझ्या ओळखीचे काही लोक या शब्दांना नाकं मुरडतात, पोरकट म्हणतात. मला तसं वाटत नाही. एक दिवस मुलगी फोनवर कुणालातरी "पिल्लू, जेवलास का नीट?" असं मोठ्याने, भर दुपारी, आमच्या सगळ्यांसमोर विचारत होती आणि मला जात्यावरचा राघू आठवला. तोही पक्षीच. तिच्या पणजीला जे शब्द पहाटेच्या अंधारात, दगडाच्या घरघरीखाली, झोपलेल्या पोरासाठी म्हणावे लागले, ते ही पोर उजेडात आणि समोरच्याच्या कानात म्हणते. तिला कुणाच्या डोळ्याची भीती नाही. ती जन्मली त्या दिवसापासून वेळच्या वेळी सगळ्या लशी टोचलेल्या, तिच्या पिढीत आमच्या घरात एकही पाळणा रिकामा झालेला नाही. त्या निर्धास्तपणातून आलेलं ते पिल्लू आहे.

तिने एकदा मला विचारलं, "पणजी तुला भवानी म्हणायची, ते तुला आवडायचं?" मी म्हटलं, हो. तिला पटलं नाही. तिला पटवावं असंही काही माझ्यापाशी नव्हतं, एका गोष्टीशिवाय, आणि ती मी तिला तेव्हा सांगितली नाही.

शेवटच्या दोन वर्षांत आजी माणसं विसरत गेली. आधी सुना, मग जावई, मग नातवंडं. आईला बरेच दिवस ओळखायची, नंतर तिलाही कधीकधीच. मी मे महिन्यात गेले तेव्हा ती पडवीत खाटेवर बसली होती. मी पाया पडले. ती घाईघाईने पदर सावरत सरकून बसली आणि म्हणाली, "येवा, बसा. तुमी खंयसून इलात?"

तुमी.

शिव्या ऐकत वाढलेल्या माणसाला तो आदर किती थंडगार लागतो हे कसं सांगू? ती अगदी रीतीने बोलत होती. प्रवास कसा झाला, चहा घेतलात का, मुलंबाळं किती. जन्मभर तिने दारात आलेल्या परक्या माणसाशी जसं बोलावं तसं. मी उत्तरं देत होते आणि माझा घसा दाटत होता. आईने पेजेची वाटी आणून माझ्या हातात दिली. आजी तोंड उघडेना. पाहुण्याच्या हातून कसं जेवायचं, म्हणून हाताने नको नको करत राहिली. एक चमचा, दुसरा चमचा, दोन्ही पदरावर सांडले.

मग माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. वडीलधाऱ्या माणसाला असं कधी कुणी बोलत नाही. आमच्या घरात तर कुणाची टाप नव्हती. मी म्हटलं, "गो भवाने, जेव मुकाट्यान. शिरा पडो तुझ्या तोंडार!"

आई दचकली. आजीने मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं, डोळे बारीक करून, उन्हातून येणाऱ्याला ओळखायचा प्रयत्न करावा तसं. ओळख काही पटली नाही. पण तिच्या तोंडाची सुरकुतलेली घडी हलली, हसू फुटलं, आणि उघडलेल्या तोंडात मी चमचा घातला. पेज गिळून ती आईकडे वळली आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ह्या कोणाचा चेडू गो? लय चाबरा आसा मेला."